सुधारणेची नोंदवही

साशंक : शाळांनी आपली सुधारणा अखंड करीत राहावी आणि त्यासाठी एक कायमची व्यवस्था लावून द्यावी, असे तुम्ही मोठ्या उमेदीने सांगता, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, आमच्या प्राथमिक शाळांना सुधारणेचा कोणता कार्यक्रम आजवर चुकला आहे? १९८७ साली खडू-फळा मोहीम आली. तिच्यामागून किमान अध्ययन क्षमतांचे तक्ते आले. शतक पालटताना सर्व शिक्षा अभियान आले. २०१० च्या ऑगस्टात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासननिर्णय निघाला आणि परीक्षेच्या जागी नोंदींचा संसार थाटला गेला. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ अवतरला, पाठोपाठ शाळासिद्धी. २०२१ साली ‘निपुण भारत’, आणि पुढे दोन-तीन वर्षांत ‘माझी शाळा, सुंदर शाळा’. यांतील एकही कार्यक्रम वाईट हेतूने काढलेला नव्हता, कित्येकांची मूळ कल्पना तर उत्तम होती. परंतु मागचा कोठे फळला आणि कोठे फसला याची रीतसर चौकशी करून मगच पुढचा काढला, असे उदाहरण माझ्या उभ्या नोकरीत माझ्या पाहण्यात आले नाही. साहेब बदलले की फलक बदलला, आणि फलक बदलला की जुनी नोंदवही कपाटाच्या तळाशी जाऊन नवी टेबलावर आली, एवढाच काय तो फेरफार. जिल्हा परिषदेचे ठाणे अलिबागेस असल्यामुळे आम्हां तालुक्यातील शिक्षकांना या फलकांचे दर्शन जिल्ह्यात सर्वांच्या आधी घडते, हा आमचा मान! ज्या खात्याला आपल्या कालच्या कामापासून काही शिकता आले नाही, त्याने शाळांना नित्य शिकत राहण्याचा उपदेश कोणत्या अधिकाराने करावा?

उत्साही : गुरुजी, तुमचा आक्षेप कार्यक्रमांवर आहे, आणि तेवढ्यापुरता तो मला मान्य आहे. मी ज्याची तरफदारी करतो ती एक काम करण्याची रीत आहे. तिला फलक लागत नाही आणि मुदतही लागत नाही. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट आणि त्यांच्यामागून एडवर्ड्स डेमिंग यांनी कारखान्यातील मालाचा दर्जा सुधारण्याकरिता ती घडवली, आणि १९५० साली डेमिंग जपानात व्याख्याने द्यायला गेल्यापासून तिला जगात प्रतिष्ठा आली. एक लहानसा बदल योजावा, तो थोड्या जागी करून पाहावा, त्याचे फळ तपासावे, आणि तपासणीत जे टिकले तेवढेच ठेवून पुन्हा योजायला बसावे, हे तिचे सार. कारखान्याची रीत शाळेला कशाला, असे म्हणाल, तर आपल्याच मुलखात तिचा पुरस्कार झालेला आहे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी, ज्यांनी गारगोटीच्या मौनी विद्यापीठाची उभारणी केली त्याच नाईकांनी, आयोगाच्या १९६६ च्या अहवालात आणि त्यानंतर स्वतंत्रपणेही असा आग्रह धरला की, शिक्षणाचे नियोजन दिल्लीहून खाली उतरण्याऐवजी प्रत्येक शाळेने स्वतःचे नियोजन स्वतः करावे; पैसा थोडा असला तरी माणसांच्या श्रमाने आणि बुद्धीने साधण्याजोगे पुष्कळ असते. त्याच्याही आधी मद्रास राज्यात सुंदरवडिवेलू यांनी गावोगावच्या लोकांना शाळासुधार परिषदांतून उभे केले होते. आणि आज शिक्षण हक्क कायद्याच्या २२ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीवर शाळा विकास आराखड्याचे कर्तव्य घातलेलेच आहे.

मला अभिप्रेत असलेली सुधारणा किती साधी आहे, ते पाहा. समजा, रेवदंड्याकडील एखाद्या शाळेत तिसरीची मुले जोडाक्षर आले की अडखळतात. बाईंनी चार आठवडे पाठ्यपुस्तकातील जोडाक्षरे बाजूला ठेवली, आणि मुलांच्या तोंडी असलेल्या ‘म्हावरं’ या शब्दापासून आरंभ करून, बंदरावरच्या होड्यांवर रंगवलेली लक्ष्मी, कृष्णा, समुद्रप्रिया ही नावे त्यांच्याकडून टिपून आणवली. महिन्याअखेर कोण वाचू लागले आणि कोण अजून अडते, ते त्यांनी पाहिले. जे अडले त्यांच्याकरिता आणखी काही योजले. यात उपद्रवी असे काय आहे?

साशंक : यात उपद्रवी काहीच नाही. चांगली बाई हे कोणत्याही शासननिर्णयावाचून करीत होती आणि करीत राहील. उपद्रव सुरू होतो तो महिन्याअखेर तिने जे पाहिले ते तिला लिहून काढायला लावून वर मागवले जाते तेव्हा. २२ व्या कलमाचा दाखला तुम्ही दिला म्हणून सांगतो : हे आराखडे मी पाहिले आहेत, स्वतः लिहिलेही आहेत. शाळेचे नाव आणि पटसंख्या एवढे बदलले की एका गावचा आराखडा दुसऱ्या गावी बिनबोभाट चालतो. सातत्यपूर्ण मूल्यमापनाची गत याहून बोलकी झाली. दैनंदिन निरीक्षणापासून प्रकल्पापर्यंत आकारिक मूल्यमापनाची आठ साधने, आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे वर्णनात्मक नोंदी, ही मूळची कल्पना किती सुंदर! मुलाला गुणांच्या आकड्यात कोंबू नये, त्याच्याविषयी माणसासारखे चार शब्द लिहावेत. पण पुढे त्या नोंदींच्या तयार याद्या निघाल्या, विषयवार आणि श्रेणीवार. शिक्षकाने आपल्या मुलाला शोभेल ती ओळ उचलून उतरवायची. ज्या मुलाची वही मी तपासली त्याचे वर्णन मला दुसऱ्याच कोणी लिहून दिलेले असे. शिक्षकांना आळशी म्हणून हा विषय मिटवता येत नाही. चाळीस मुले आणि तितक्याच नोंदवह्या, आणि या नोंदी वाचून कोणी काही करणार आहे याची तिळमात्र खात्री नाही, अशा स्थितीत शहाणा माणूस जे करील तेच त्यांनी केले.

आणि हा रोग नवा नाही. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी नियम घातला की, शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि गणित यांच्या परीक्षेतील निकालावर अवलंबून राहावे. तपासणीच्या दिवसापुरते क्रमिक पुस्तक पाठ करवून घेण्याची कला तेव्हा तेथे भरास आली, आणि स्वतः शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड यांनी तिच्याविरुद्ध तक्रार केली. हीच निकालावर अनुदान देण्याची पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही आणली गेली. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी स्पष्ट सांगितले की, ज्यांना शिक्षणाची गोडीच अद्याप लागलेली नाही अशा लोकांत ही पद्धत कुचकामी आहे. असल्या वस्तीत शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही. फुल्यांना जे दिसले होते ते असे की, जेथे मूल शिकवायला सर्वांत अवघड, तेथेच निकालाचा हिशेब शिक्षकाला सर्वांत महाग पडतो.

आपल्या अलिबागेतच एक मोजमापाची जागा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमाप बिघडणार, हे पाहून १९०४ साली ते काम इकडे आणले; इमारतीत लोखंडाला मज्जाव केला; आणि तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद येथे अखंड चालू आहे. ती नोंद विश्वासार्ह का? कारण जवळपास कोणी सुईला धक्का देत नाही, आणि सुई कलली म्हणून वेधशाळेच्या माणसाला कोणी कारणे दाखवा नोटीस काढत नाही. शाळेत मात्र मोजणारा, मोजला जाणारा आणि मोजमापाची शिक्षा भोगणारा हा एकच इसम असतो, आणि त्याच्याकडून तुम्ही खऱ्या आकड्याची अपेक्षा करता.

उत्साही : वेधशाळेचे उदाहरण तुम्ही काढलेत ते बरे झाले, कारण त्यातील अर्धी हकीकत तुम्ही सांगितली नाही. अलिबागेचे काम सुरू झाल्याबरोबर कुलाब्याचे बंद केले नव्हते. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणच्या नोंदी समांतर घेतल्या, त्यांची परस्परांशी रुजुवात केली, आणि १८४१ पासूनच्या जुन्या नोंदींचा धागा नव्यांशी जुळतो अशी खात्री झाल्यावरच मुंबईचे मोजमाप थांबवले. जुने सोडण्यापूर्वी नव्याशी ताडून पाहणे हेच तर मी मागतो आहे! पायाभूत चाचण्या बंद करून दुसऱ्या चाचण्या सुरू करताना एक वर्षभर काही शाळांत दोन्ही घेतल्या असत्या, तर मुले पुढे गेली की फक्त प्रश्नपत्रिका बदलली, हे तरी आज सांगता आले असते. तुमचा पहिला आरोप, खाते कालच्या कामापासून शिकत नाही हा, माझ्याच पक्षाचा पुरावा आहे.

भीतीविषयी तुम्ही जे म्हणता ते तर डेमिंग यांनी स्वतःच म्हटलेले आहे. कामगारांना आकड्यांचे इष्टांक नेमून देणे बंद करा, संस्थेतून भीती हद्दपार करा, माणसांची वर्षाच्या शेवटी प्रतवारी लावू नका, हे त्यांच्या शिकवणीचे मुख्य कलम होते. आपण त्यांची रीत घेतली, तक्ते घेतले आणि हे कलम तेवढे वगळले. आणि फुल्यांचा दाखला देताना, गुरुजी, त्यांचे दुसरे म्हणणे विसरू नका. त्याच निवेदनात त्यांनी अशी तक्रार केली आहे की, डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याने काही लाभ होत नाही. शाळांची तपासणी निदान तीन महिन्यांनी तरी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देता शाळांना भेटी द्याव्यात. म्हणजे निकालावर पैसे वाटणे त्यांना नको होते, पण बाहेरच्या माणसाची नजर मात्र हवी होती, अधिक हवी होती. कारण उघड आहे. ज्यांच्या आईबापांना अक्षर येत नाही त्यांचे मूल शाळेत बसून काही शिकते की नुसते बसते, हे पाहणारा गावात दुसरा कोण होता? आजही तीच स्थिती आहे. पट भरला म्हणून आपण समाधानात होतो. २००५ पासून ‘असर’च्या पाहणीत स्वयंसेवक ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांपुढे दुसरीचा उतारा धरू लागले, तेव्हा कळले की पटावर असणे निराळे आणि वाचता येणे निराळे. देशभरच्या तिसरीच्या मुलांत तो उतारा वाचणारे २०१८ साली २७.३ टक्के होते, महामारीनंतर २०२२ मध्ये २०.५ वर उतरले, २०२४ मध्ये पुन्हा २७.१ झाले. हे आकडे नसते, तर शाळा बंद राहिल्याने काय गमावले आणि त्यातले किती भरून निघाले, याविषयी आपण केवळ भाषणे ठोकीत बसलो असतो.

साशंक : ‘असर’चा आकडा मीही मानतो, पण तो का मानतो ते सांगू का? त्यावर शाळेचे नाव नसते. मूल घरी भेटते, जिल्ह्याचा आकडा निघतो, कोणत्याही मुख्याध्यापकाची त्यात मानहानी होत नाही. म्हणून तो खरा. पण तो खरा राहतो त्याच कारणाने शाळा सुधारण्याच्या कामी तो निरुपयोगी ठरतो, कारण थळच्या शाळेत काय बिघडले ते त्यावरून थळच्या शिक्षकाला कळत नाही. शाळेचे नाव घातले की उपयोगी होईल, आणि खोटा होईल. या कोड्यातून तुमची रीत वाट कशी काढते, ते मला सांगा.

फुल्यांच्या दोन मागण्यांचा तुम्ही मेळ घातलात तो योग्यच आहे. परंतु आपण आज नेमके त्याच्या उलट करून ठेवले आहे. निकालावर श्रेणी लावतो, आणि भेट मात्र द्यायला कोणी येत नाही. केंद्रप्रमुखाचे पद मुळात शाळांत जाऊन बसण्यासाठी निर्माण झाले. त्यांतली किती पदे वर्षानुवर्षे रिक्त होती आणि भरलेल्यांपैकी किती माणसे माहिती जुळवण्यात आणि ती तातडीने वर पाठवण्यात गुंतलेली असतात, हे तुम्हांला मी सांगायला नको. तुम्ही त्या खुर्चीत बसता. तीन महिन्यांनी येणारा माणूस आम्ही गमावला आणि त्याच्या जागी दर आठवड्याला येणारा तगादा मिळवला.

आता एक गोष्ट पाहा, जी कोणत्याही पोर्टलवर दिसत नाही. अलिबाग तालुक्याच्या डोंगरकडेच्या वाड्यांतून, तसेच पेण, सुधागड, कर्जतकडे, कातकऱ्यांची कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला निघून जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मुले बरोबर जातात. जून ते ऑक्टोबर त्यांनी जेमतेम अक्षरे जुळवायला आरंभ केलेला असतो. वर्षाच्या दुसऱ्या सत्राची चाचणी होते तेव्हा ती वर्गात नसतात. आणि ती नसल्यामुळे वर्गाची सरासरी वाढते. तुमच्या आलेखात ती शाळा सुधारलेली दिसते. मास्तरांनी काही लबाडी केलेली नाही, आकडा खोटा नाही, बेरीज-भागाकार बरोबर आहे. फक्त ज्यांच्यासाठी शाळा सर्वांत अधिक हवी होती ती मुले निघून गेली, आणि शाळा ‘वर’ गेली.

उत्साही : हे उदाहरण मर्मावर बोट ठेवणारे आहे, आणि म्हणूनच त्यावर माझे उत्तर ठाम आहे : सरासरी फेकून द्या आणि मुलाचे नाव धरा. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड देऊन जेथे जाईल तेथल्या शाळेत त्याला बसवावे, ही तजवीज राज्याने केलेली आहे. ती कोठे तुटते हे पाहण्यासाठी एकेका मुलाचा माग लागतो, आणि तो माग काढणे हेच सुधारणेचे काम आहे. भट्टीजवळच्या शाळेने मुलाला बसवून घेतले नाही का? घेतले, पण भट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नाही म्हणून बहीण आलीच नाही का? की कार्ड आईच्या गाठोड्यातच राहिले? प्रत्येक कारणाला उपाय निराळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम मांडले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा त्यांच्यापुढे असाच प्रश्न होता. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. ती का येत नाहीत हे त्यांनी पाहिले. गुरे राखायला जातात असे दिसले, तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणात नेली. पाहिले, बदलले, पुन्हा पाहिले. त्यांच्यापाशी ना तक्ता होता ना श्रेणी. पण मी ज्या रीतीची बाजू मांडतो तिचे याहून शुद्ध रूप मला ठाऊक नाही.

आणि सरकारी चौकटीत हे होत नाही असे म्हणू नका. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी आणि त्यांच्या विस्तार अधिकाऱ्यांनी मिळून वर्गात बदल केले, एकमेकांचे वर्ग पाहिले, आणि ते काम पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रा’त जो काही प्राण होता तो अशा ठिकाणांहून आलेला होता.

साशंक : प्राण होता, हे मी नाकारत नाही. परंतु पाहायला गेलेले लोक बरोबर काय घेऊन आले? जे डोळ्यांना दिसते ते. सहा महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वर्गांच्या फरशा रंगल्या, मुळाक्षरांची चक्रे आणि संख्यांच्या शिड्या जमिनीवर उतरल्या, भिंतींना मजकूर फुटला. एकमेकांच्या वर्गात बसून ‘माझे हे मूल का शिकत नाही’ असे मोकळेपणाने विचारण्याची जी धिटाई कुमठ्याला वर्षांच्या सहवासातून आली होती, ती रंगाच्या डब्यातून येण्यासारखी नव्हती. आणि मग २५ निकष ठरले, ते पुरे केले की शाळा ‘प्रगत’ म्हणून घोषित करायची. जी शाळा मार्चमध्ये प्रगत जाहीर झाली, तिच्या जूनमधल्या नव्या पहिलीला काही येत नाही हे तिने कोणत्या तोंडाने सांगावे? सुधारणेला एकदा मुक्कामाचे ठिकाण नेमून दिले, की तेथे पोहोचल्याचा अहवाल देणे एवढेच काम उरते.

शाळासिद्धीचेही तेच. सात क्षेत्रे, ४६ गाभामानके, आणि शाळेने स्वतःच स्वतःचे प्रामाणिक मूल्यमापन करायचे. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. परंतु राज्यात २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा सुमारे पंधरा हजार होत्या. त्याच वर्षी त्यांच्या जागी समूह शाळा काढण्याचा विचार सरकारने जाहीर केला, आणि आपल्या कोकणात तर वाडीवाडीची शाळा लहानच असायची. अशा दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक आपल्या उणिवांची यादी स्वतःच्या सहीने वर पाठवील का? उणीव लिहिली की साहाय्य येईल, असा त्याचा अनुभव नाही. उणीव लिहिली की ती कधीतरी आपल्याविरुद्ध वाचली जाईल, एवढेच तो जाणतो. नाईकांनी समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा त्रिकोण हाती न लागणारा आहे असे म्हटले होते. ही लहान शाळा त्या त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवर एकाच वेळी टोचली जाते.

उत्साही : तर मग मी माझी मागणी अधिक नेमकी करतो. नोंदी दोन असाव्यात आणि त्यांची मालकी निराळी असावी. पहिली शाळेची स्वतःची : कोणते मूल कोठे अडले, काय करून पाहिले, काय फसले, ती वही केंद्राबाहेर जाऊ नये, तिच्यावर कोणाचा शेरा पडू नये, बदली-बढतीच्या कागदांत तिचा उल्लेख येऊ नये. दुसरी बाहेरच्यांची : थोड्या शाळा चिठ्ठीने निवडून, बाहेरच्या माणसांनी, शाळेच्या नावावाचून घेतलेली पाहणी, ज्यामुळे राज्याला आपली दिशा कळेल. एकाच कागदाकडून दोन्ही कामे करून घेण्याचा हट्ट सोडला, की तुमच्या कोड्याची धार पुष्कळ बोथट होते.

आणि तिसरे, ज्यावर मी हल्ली अधिक विचार करतो आहे : शाळेने आराखड्यात जी उणीव स्वतः होऊन वर कळवली, तिला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देण्याचे बंधन कार्यालयावर असावे. शिक्षक कमी आहे असे शाळेने लिहिले. मग देतो, देत नाही, किंवा अमुक कारणाने देता येत नाही, यांपैकी एक उत्तर सहीनिशी आलेच पाहिजे. आज जाब एकाच दिशेने वाहतो. वाचणाऱ्यावरही काही देणे बसले, तर लिहिणारा खरे लिहील.

साशंक : किंवा वाचणारा विचारायचेच सोडून देईल! पण ते असो. तिसरी मागणी तुमची मला आवडली. अडचण मला पहिलीत दिसते, आणि ती माझ्या तोंडून ऐकून तुम्हांला नवल वाटेल. शाळेची वही कोणी बाहेरच्याने पाहू नये असे म्हणता; पण शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे कायदा सांगतो, ते काय शोभेसाठी? ज्याचे मूल तिसरीत अडले आहे त्या बापाला ती वही पाहण्याचा हक्क आहे की नाही? नाही म्हणाल, तर तुम्ही शिक्षकांना एक बंद खोली बांधून देता. त्या खोलीत कुमठ्यासारखे काही घडेल तसे काही न घडणेही सुखाने चालेल. मी चांगल्या शिक्षकांबरोबर नोकरी केली तशी नुसती हजेरीपुरती येणाऱ्यांबरोबरही केली आहे. आणि हो म्हणाल, पालकांनी ती पाहावी, तर पाहील कोण? अलिबाग शहरातला पालक पाहील, ज्याला त्या वहीची गरज सर्वांत कमी आणि ज्याचे मूल बहुधा खाजगी शाळेतच आहे. कातकरी वाडीतली आई समितीच्या सभेच्या दिवशी भट्टीवर असते. तिच्या वतीने ती वही वाचणार कोण? फुल्यांनी बिनसूचनेची तपासणी मागितली ती तिच्यासाठीच. आणि तपासणीचे भय घालवण्यासाठी तुम्ही तीच दाराबाहेर उभी करता आहात.

(येथे दोघांनी जागा बदलल्याचे वाचकाच्या ध्यानात आले असेल. या वादात ते टाळता येत नाही, असे निदान प्रस्तुत लेखकाचे मत आहे.)

उत्साही : तुमचा हा प्रश्न मला सुटलेला नाही, हे मी सरळ सांगतो. भयाशिवाय सत्य लिहिले जाते, आणि बाहेरची नजर नसली तर ज्याचा आवाज लहान त्याचेच सत्य लिहिण्यातून गळते. ही दोन्ही वाक्ये मला खरी वाटतात आणि ती एका नियमात बसवता येत नाहीत. कदाचित बाहेरचा माणूस अधिकारी नसून शेजारच्या शाळेतला शिक्षक असावा, ज्याच्यापाशी शेरा मारण्याचा अधिकार नाही पण पाहिलेले विसरण्याची सवलतही नाही. जपानात शिक्षक एकमेकांचा पाठ समोर बसून पाहतात आणि नंतर त्यावर बोलतात. आपली केंद्रातली शिक्षण परिषद मुळात याच कामाची होती, आता तिथे बहुतेक वेळ सूचना वाचण्यात जातो. येत्या परिषदेपासून मी एवढेच करणार आहे : एका शिक्षकाने एक फसलेला पाठ सर्वांपुढे मांडायचा, कोणते मूल कोठे सुटले ते नावानिशी सांगायचे, आणि दिवाळीनंतर जी मुले निघून जातात त्यांच्यापासून आरंभ करायचा. सूचना शेवटची पंधरा मिनिटे.

साशंक : पहिला फसलेला पाठ कोणाचा?

उत्साही : माझा. आदल्या आठवड्यात कुठल्यातरी चौथीवर मीच एक तास घेईन. तो फसण्याची खात्री बाळगायला हरकत नाही.

साशंक : हे मात्र मी पाहायला येईन. आणि इतिवृत्तात काय लिहाल?

उत्साही : पाठावर चर्चा झाली, एवढे.

साशंक : त्यापुढे ‘फलनिष्पत्ती’ म्हणून एक रकाना आहे.

उत्साही : तो मी कोरा ठेवीन.

साशंक : कोरा ठेवला तर माहिती पुढे जात नाही. तांबडी खूण येते, आणि हा रकाना भरणे अनिवार्य आहे असे खाली लिहून येते.

उत्साही : तर मी लेखी कळवीन, तो ऐच्छिक करावा म्हणून, आणि उत्तराची मुदतही घालीन.

साशंक : कळवा. जावक क्रमांक टाकायला तेवढे विसरू नका.